फेब्रुवारीतलं निवेदन अंदाजपत्रकात का उतरत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीतल्या गुंठेवारीच्या (शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यांनी विनापरवाना भूखंड पाडून उभ्या राहिलेल्या) एका वसाहतीतल्या रहिवाशांनी फेब्रुवारीच्या शेवटी आयुक्त आणि महापौर या दोघांनाही बारा मागण्यांचं निवेदन दिलं. मार्चअखेर अंदाजपत्रक मंजूर झालं तेव्हा त्यातली एकच मागणी, ३०० मीटरचं गटार, पुस्तकात सापडली आणि तिच्यापुढे आकडा होता १ लाख रुपये. घरपट्टीवाढीला घेतलेली हरकत तर चर्चेलाही आली नाही. ते विचारतात: आमचं चुकलं काय आणि यंदा काय करायचं?

निवेदन उशिरा पोचलं, आणि ज्या टेबलावर ते जायला हवं होतं तिथे गेलंच नाही. फेब्रुवारीअखेर आयुक्तांचं अंदाजपत्रक छापून स्थायी समितीसमोर गेलेलं असतं किंवा छापखान्याच्या दारात असतं. त्या आठवड्यात निवेदन देतानाचा फोटो पेपरात येतो, आवक क्रमांक पडतो आणि कागद ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ बांधकाम विभागाकडे जातो. बांधकाम विभागाने मात्र आपली मागणी लेखा विभागाला डिसेंबरातच दिलेली असते.

आधी क्रम समजून घ्या. सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका १९९८ साली झाली आणि तिला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ लागू आहे. त्यानुसार अंदाजपत्रक आयुक्त तयार करतात आणि स्थायी समितीला सादर करतात. सोळा सदस्यांची स्थायी समिती त्यात फेरफार करून आपलं अंदाजपत्रक महासभेकडे, म्हणजे सर्व नगरसेवकांच्या सभेकडे पाठवते. महासभा ते आहे तसं मंजूर करते, बदलून मंजूर करते किंवा स्थायीकडे परत पाठवते. म्हणजे एकाच वर्षाची तीन पुस्तकं निघतात: आयुक्तांचं, स्थायीचं आणि महासभेचं. लोक बहुतेक वेळा पहिलंच पाहतात, कारण पेपरात बातमी त्याचीच मोठी येते. तुमच्या कामाचं भवितव्य पाहायचं असेल तर तिन्ही पुस्तकांत एकाच लेखाशीर्षासमोरचा (जमा-खर्चाच्या त्या बाबीच्या खात्यासमोरचा) आकडा लावून पाहा. दोन पुस्तकांमध्ये एखादी तरतूद ५० लाखांवरून २ कोटींवर गेली असेल आणि उत्पन्नाच्या बाजूला त्यासाठी काहीच वाढलं नसेल, तर ती वाढ कागदावरचीच आहे.

पण या सगळ्याच्या आधी, ऑक्टोबर ते डिसेंबरात, खरं काम झालेलं असतं. मुख्य लेखाधिकारी सर्व विभागांना परिपत्रक काढून पुढच्या वर्षाच्या मागण्या मागवतात. शाखा अभियंता आपल्या भागातली कामं उपअभियंत्याला देतो, तिथून ती शहर अभियंत्याकडे आणि मग लेखा विभागात जातात. शाखा अभियंत्याच्या त्या यादीत तुमचं गटार नसेल, तर पुढे ते घालायला कुणाला तरी दुसरं काम कापावं लागतं. म्हणून पहिली भेट शाखा अभियंत्याची, आणि ती दिवाळीच्या आधी. महापौरांची भेट नंतर घेतली तरी चालते.

घरपट्टीची तारीख वेगळी आहे

इथे बहुतेकांची गफलत होते. करांचे दर आणि अंदाजपत्रक हे दोन वेगळे निर्णय आहेत. कलम ९९ प्रमाणे पुढच्या वर्षाचे कराचे दर महासभेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. अंदाजपत्रकावरची चर्चा मार्चमध्ये रंगते, तोवर घरपट्टी आणि पाण्याचे दर ठरून गेलेले असतात. मार्चच्या सभेत दरवाढीविरुद्ध कितीही घोषणा दिल्या तरी तो विषय कार्यपत्रिकेवरच नसतो. तुमची हरकत चर्चेला आली नाही ती यामुळे.

दरवाढीचा प्रस्ताव प्रशासनाकडून स्थायीत साधारण जानेवारीत येतो. नगरसचिवांच्या कार्यालयात जानेवारीपासून दर आठवड्याला स्थायीची कार्यपत्रिका पाहत राहा. हरकत घेताना ‘जनतेवर बोजा’ एवढंच लिहू नका, ते सगळेच लिहितात. घरपट्टीच्या बिलात सामान्य कर, जललाभ कर, मलनिस्सारण लाभ कर, शिवाय राज्य सरकारचे शिक्षण कर आणि रोजगार हमी कर असे निरनिराळे भाग असतात. शेवटचे दोन महापालिका फक्त गोळा करून सरकारला देते, त्यांवर महासभेत भांडून उपयोग नाही. तुमच्या वसाहतीत ड्रेनेजची वाहिनीच नसेल आणि मलनिस्सारणाचा कर बिलात येत असेल, तर हरकत नेमकी तिथे घ्या. बिलाची प्रत जोडा आणि वाहिनी नसल्याचं ड्रेनेज विभागाचं पत्र जोडा. अशा हरकतीला उत्तर द्यावं लागतं.

पुस्तक कसं वाचायचं

‘अमुक लाखांचं शिलकी अंदाजपत्रक’ या बातमीकडे दुर्लक्ष करा. वर्षअखेर किमान १ लाख रुपये शिल्लक राहील अशीच मांडणी करण्याचं बंधन कायद्यात आहे, त्यामुळे महापालिकेचं अंदाजपत्रक शिलकीच असतं. तुटीत गेलेल्या महापालिकेचंसुद्धा.

पाहायचे ते स्तंभ. प्रत्येक बाबीसमोर साधारण पाच आकडे असतात: मागच्या वर्षाचं प्रत्यक्ष, चालू वर्षाचं मंजूर अंदाजपत्रक, चालू वर्षातलं काही महिन्यांचं प्रत्यक्ष, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. समजा (आकडे केवळ उदाहरणासाठी) घरपट्टीचं मागच्या वर्षाचं प्रत्यक्ष ४० कोटी आहे, यंदा डिसेंबरअखेर जमा २८ कोटी, सुधारित अंदाज ५८ कोटी आणि पुढच्या वर्षाचा ६५ कोटी. नऊ महिन्यांचे २८ म्हणजे बारा महिन्यांचे ३७, असं सरळ त्रैराशिक मांडू नका. घरपट्टी फेब्रुवारी-मार्चमध्ये जप्तीच्या नोटिसा निघाल्यावर जोरात वसूल होते. मागच्या वर्षीचा डिसेंबरअखेरचा आकडा माहितीच्या अधिकारात घ्या. तो २५ कोटी असेल तर ४० पैकी साडेबासष्ट टक्के रक्कम डिसेंबरपर्यंत आली होती. तोच हिशेब यंदाच्या २८ ला लावला की वर्षअखेर साधारण ४५ कोटी येतील असं निघतं. म्हणजे सुधारित अंदाजातच १३ कोटींची हवा आहे आणि पुढच्या वर्षाच्या आकड्यात २० कोटींची. तेवढ्या रकमेची कामं मंजूर होतील, पुस्तकात छापली जातील आणि वर्षभर ‘निधी उपलब्धतेनुसार’ या शेऱ्याखाली पडून राहतील. आपलं काम त्या ढिगात जातंय की वर राहतंय, हे पाहायला हाच हिशेब लागतो.

उत्पन्नातला सगळ्यात भरवशाचा आकडा जीएसटी भरपाईचा. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली आणि गेली, आणि जुलै २०१७ पासून राज्य सरकार दरमहा ठरावीक अनुदान देतं. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून त्यात दरवर्षी ८ टक्के वाढ, असं त्याचं सूत्र आहे. हा पैसा बहुतांशी पगार, पेन्शन आणि वीजबिलात जातो. याउलट ‘विकास शुल्क’, ‘जागा विक्री’ किंवा ‘शासकीय अनुदान (अपेक्षित)’ या ओळींवर फार भिस्त ठेवू नका. उत्पन्न फुगवायचं झालं की पेन आधी या ओळींवर फिरतं.

खर्चाच्या बाजूला शब्द शोधायचा तो ‘दायित्व’. मागच्या वर्षी कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) दिलेल्या पण बिल न निघालेल्या कामांचं हे देणं. रस्त्यांच्या लेखाशीर्षावर २० कोटींची तरतूद दिसते, पण त्यात १७ कोटी दायित्व असेल तर नव्या कामांना उरतात ३ कोटी. वीस प्रभागांत वाटले तर प्रभागाला १५ लाख. एवढ्यात मुख्य रस्त्याचा एक तुकडाही धड होत नाही. दायित्वाची यादी बहुतेक वेळा पुस्तकात नसते, लेखा विभागाकडून मागावी लागते. मागाच. नगरसेवकांपैकीही फार थोडे ती पाहतात.

शिवाय काही पैशांना आधीच वाट ठरवून दिलेली असते. महिला व बालकल्याण आणि दिव्यांग कल्याण यांना प्रत्येकी ५ टक्के, हे झालं एक. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत आपल्यासारख्या दहा लाखांखालच्या शहरांसाठी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती. अशा बांधलेल्या पैशातून बाग मागणारे निवेदन वाया जातं, गटार मागणारं टिकतं. गुंठेवारी नियमितीकरणाच्या विकास शुल्काचंही असंच आहे: २००१ च्या कायद्यानुसार तो पैसा त्या वसाहतींच्या सोयींसाठी वापरायचा आहे. तुमच्या भागातून आजवर किती जमा झाला आणि कुठे खर्च पडला, हे विचारणारा अर्ज बाकी सगळ्या निवेदनांपेक्षा जास्त काम करेल.

बारा मागण्यांचं काय करायचं

बारा मागण्या एका कागदावर लिहिल्या की तो कागद बारा टेबलांवर फिरतो आणि कुठेच थांबत नाही. आधी त्या वेगळ्या करा. बंद पडलेले पथदिवे, तुंबलेलं चेंबर, फुटलेली पाण्याची लाइन ही तक्रार आहे, तिला अंदाजपत्रक लागत नाही. देखभाल-दुरुस्तीच्या वार्षिक ठेक्यातून ही कामं व्हायला हवीत. मोठ्या रस्त्यांपैकी काही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा राष्ट्रीय महामार्गाकडे आहेत, त्यावर महापालिका एक रुपयाही घालू शकत नाही. बाग हवी असेल तर आधी ती खुली जागा महापालिकेच्या नावावर आहे का ते पाहा. गुंठेवारीत बहुतेक ठिकाणी खुली जागा सोडलेलीच नसते, आणि सोडली असली तरी सातबाऱ्यावर मूळ मालकच असतो. मालकी नसलेल्या जागेवर खर्च टाकला की लेखापरीक्षणात आक्षेप येतो, हे अभियंत्याला पक्कं ठाऊक असतं. तो ‘नाही’ म्हणत नाही, फाईल हलवत नाही इतकंच.

एवढं चाळल्यावर बारांपैकी तीन-चार भांडवली कामं उरतील. त्यांचा प्रत्येकी एक स्वतंत्र कागद करा. त्यावर कामाची जागा (सर्व्हे नंबर, कुठल्या घरापासून कुठल्या घरापर्यंत), लांबी-रुंदी, जागेची मालकी, किती घरांना उपयोग, गेल्या वर्षीच्या पुस्तकातलं पान आणि लेखाशीर्ष, आणि अंदाजे खर्च. खर्चाचा आकडा स्वतः काढायला जाऊ नका. बाजारभावाने काढलेला आकडा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीशी जुळत नाही आणि मग ‘प्राकलन (खर्चाचा अधिकृत अंदाज) चुकीचं’ म्हणून कागद परत येतो. मापं तुम्ही द्या, प्राकलन शाखा अभियंत्याकडून करून घ्या. प्राकलन झालेलं काम यादीत जायला वेळ लागत नाही.

शेवटची ओळ मात्र हमखास घाला: हा पैसा कुठून काढावा. ‘अमुक लेखाशीर्षावर गेल्या वर्षी २ कोटींची तरतूद होती, खर्च ३५ लाख झाला, त्यातून ४० लाख इकडे वळवावेत.’ अशी सूचना क्वचितच कुणी देतं, म्हणून ती वाचली जाते. लेखाधिकाऱ्याचं निम्मं काम तुम्ही करून दिलेलं असतं.

गटाराच्या कागदावर उतार लिहा

तुमच्या ३०० मीटर गटाराबद्दल थोडं सविस्तर, कारण सांगलीत गटारांचे पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते उतारामुळे. शामरावनगरासारखा भाग सपाट, काळ्या मातीचा आणि भोवतालच्या रस्त्यांपेक्षा खोलगट. तिथे ३०० ला १ एवढा बेताचा उतार धरला तरी ३०० मीटरच्या शेवटी गटाराचा तळ १ मीटर खाली जातो. सुरुवातीला खोली ४५ सेंटिमीटर असेल तर शेवटी जवळपास दीड मीटर. आता ज्या नाल्यात ते सोडायचं त्याचा तळ त्याहूनही खाली हवा. नाला उथळ असेल तर तुमचं गटार म्हणजे ३०० मीटर लांबीचं डबकं. निवेदनात ‘गटार करून मिळावे’ एवढंच असेल तर अभियंता उपलब्ध तरतुदीत बसेल तेवढी लांबी धरतो, शेवटचा जोड राहतो आणि पुढच्या वर्षी ‘उर्वरित काम’ म्हणून पुन्हा मागणी करावी लागते. म्हणून मागणी अशी लिहा: सुरुवातीची आणि शेवटची लेव्हल घेऊन, नाल्याच्या तळाशी जुळवून, जोडासह काम. लेव्हल घ्यायला अभियंत्याला अर्धा दिवस पुरतो. ती ऑक्टोबरात, पावसाचं पाणी कुठे साचलं होतं याच्या खुणा भिंतींवर ताज्या असतानाच घ्यायला लावा. पावसाळ्यातले फोटो तारखेसह जोडा.

दुसरा धोका तुकड्यांचा. प्रभाग समितीला (काही प्रभाग मिळून असलेल्या समितीला) ५ लाखांपर्यंतच्या कामांना प्रशासकीय आणि वित्तीय मान्यता देता येते, मात्र अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद असली पाहिजे. सोय चांगली आहे, पण १५ लाखांचं गटार ४ लाख ९० हजारांच्या तीन तुकड्यांत विभागलं जातं, तीन ठेकेदार तीन लेव्हलनी काम करतात आणि प्रत्येक जोडावर पाणी उभं राहतं. सलग काम एकाच प्राकलनात मागा, मग ते वरच्या मान्यतेला गेलं तरी हरकत नाही. पेव्हर, बाक, चेंबरची झाकणं, स्पीडब्रेकर अशा सुट्या कामांना मात्र प्रभाग समितीच बरी.

प्रभाग समिती, स्थायी आणि महासभा

प्रभाग समितीची आणखी एक जबाबदारी विसरली जाते. प्रभागाच्या खर्चाचे अंदाज आयुक्तांकडे जाण्याआधी त्यावर विचार करून शिफारस करणं हे कायद्यानेच तिला दिलेलं काम आहे. तिच्यावर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधीही घेता येतात. आपल्याकडे चार प्रभाग समित्या आहेत. नोव्हेंबरच्या बैठकीत ‘पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकाच्या शिफारशी’ हा विषय कार्यपत्रिकेवर घ्या, असं पत्र ऑक्टोबरात सभापती आणि सहायक आयुक्तांना द्या. विषय आला नाही तर पत्राची पोच तुमच्याकडे राहते. आला तर ठरावात तुमच्या कामाचं नाव येतं, आणि ठरावातलं नाव निवेदनातल्या नावापेक्षा कितीतरी वजनदार असतं. मतदारांची क्षेत्रसभा हीसुद्धा २००९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेली आहे, पण ती कागदावरच राहिली. तिच्यामागे लागण्यात वर्ष घालवू नका.

पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अर्ज मागवून क्षेत्रीय कार्यालयामार्फत कामं सुचवायची पद्धत आहे, एका कामाला ५ लाखांची मर्यादा आहे. तिथेही अर्जांचा काळ पावसाळ्याच्या सुमाराचा असतो, जानेवारीचा नव्हे. आपल्याकडे कधी अंदाजपत्रकासाठी ईमेलवर सूचना मागवल्या तर जरूर पाठवा. फक्त तिथे नवं काम सुचवू नका, आधीच यादीत गेलेल्या कामाचा संदर्भ देऊन पाठिंबा द्या.

स्थायीत काम करायचं ते सदस्याबरोबर बसून. महासभेत मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. सभागृहात नगरसेवक पंधरा मिनिटं तुमच्या वसाहतीवर बोलला, टाळ्या पडल्या, तरी इतिवृत्तात ते ‘चर्चा’ म्हणून जातं. आकडा बदलतो तो लेखी उपसूचनेने: पान क्रमांक, लेखाशीर्ष, किती वाढ आणि ती कुठल्या लेखाशीर्षातून घट करून, सूचक आणि अनुमोदकाच्या सहीने. तुमच्या नगरसेवकाला भाषणाचे मुद्दे देऊ नका, टाइप केलेली उपसूचना द्या.

बऱ्याच महापालिकांत एक खोड असते. शेवटी ‘सदस्यांच्या सूचनांचा समावेश करून अंतिम करण्याचे अधिकार महापौरांना’ असा ठराव होतो आणि सभा संपते. त्यानंतर कुठल्या सूचना आत आल्या आणि कुठल्या नाही, हे अंतिम पुस्तक छापून येईपर्यंत कळत नाही, आणि ते यायला कधी कधी जून उजाडतो. यावर उपाय एकच. सभेनंतर लगेच ठरावाच्या प्रमाणित प्रतीची मागणी करा आणि अंतिम पुस्तकाशी ताडून पाहा.

अंदाजपत्रकाची सभा तीन दिवसांच्या तातडीच्या नोटिशीवर घेता येत नाही, सात पूर्ण दिवसांची नोटीस लागते. सभा सर्वसाधारणपणे नागरिकांसाठी खुली असते. गॅलरीत बसायला जा, पण पुस्तक हातात घेऊन. आकडे वाचले जातात ते झरझर.

१ लाखाची तरतूद आणि एप्रिलनंतरचे महिने

ते १ लाख म्हणजे टोकन तरतूद. लेखाशीर्ष उघडं ठेवायला ती करतात. तिने काम होत नाही, पण तरतूदच नसलेल्या कामावर पैसे खर्चता येत नाहीत, या अडचणीतून ती वाट काढते. वर्षाच्या मध्यात दुसऱ्या लेखाशीर्षातून तिथे रक्कम वळवता येते. याला कार्यालयीन भाषेत वर्गीकरण म्हणतात, आणि तुमच्या कामाची यंदाची खरी संधी तीच आहे. बाराही मागण्या पुन्हा घेऊन जाण्यापेक्षा याच ओळीच्या मागे लागा.

एप्रिल-मेमध्ये प्राकलनाला तांत्रिक मान्यता घेऊन ठेवायला लावा. जून ते सप्टेंबर पावसामुळे खोदकाम आणि डांबरीकरण थांबतं, पण निविदेचं काम थांबायचं कारण नाही. ऑगस्टअखेर निविदा निघाली तर दिवाळीपर्यंत कार्यादेश होतो आणि मार्चच्या आत बिल निघतं. नोव्हेंबरात निविदा निघालेलं काम आचारसंहितेत सापडलं की गेलं, पुढच्या वर्षाच्या दायित्वात जाऊन बसलं.

वर्गीकरण दोन्ही बाजूंनी कापतं. तुमच्या गटाराची पुढे तरतूद झाली तरी डिसेंबर-जानेवारीत ती दुसऱ्या प्रभागातल्या डांबरीकरणाला जाऊ शकते, आणि स्थायीच्या कार्यपत्रिकेत तो विषय ‘अर्थसंकल्पीय तरतुदीत फेरफार’ अशा निरुपद्रवी शब्दांत असतो. महापुराच्या वर्षात तर हे हमखास होतं. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. अशा वेळी कलम ६७(३)(क) खाली आयुक्त तातडीची कामं निविदेविना करू शकतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याचे पैसे शेवटी न झालेल्या कामांच्या तरतुदीतून येतात. ज्यांचं प्राकलन अजून झालेलं नाही, ती तरतूद आधी जाते.

माहितीचा अधिकार इथे वापरा, आणि नेमका वापरा. १० रुपयांचं शुल्क, महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. ‘सन अमुकमध्ये स्थायी समितीने मंजूर केलेल्या सर्व वर्गीकरणांची यादी, कुठल्या लेखाशीर्षातून कुठे, रक्कम आणि ठराव क्रमांक’ हा एक अर्ज. दायित्वाची यादी हा दुसरा. गुंठेवारी विकास शुल्काची जमा आणि खर्च हा तिसरा. तीन विषय एकत्र केले की अर्ज परत येतो. तीस दिवस थांबायचं नसेल तर २०१८ च्या परिपत्रकाने स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहायला देण्याची सोय केली आहे. फाईलचं नाव आणि लेखाशीर्ष लिहून न्या, ‘सगळं दाखवा’ म्हटलं की काहीच दिसत नाही.

सभागृहाची मुदत संपून प्रशासक असतील, जसे सांगलीत ऑगस्ट २०२३ नंतर होते, तर स्थायी आणि महासभा या दोन्ही पायऱ्या एकाच सहीत उरकतात. अशा वर्षात मार्चची सभा नसते, उपसूचनाही नसते. सगळा भर शाखा अभियंता, शहर अभियंता आणि लेखाधिकारी यांच्यावर द्यावा लागतो, आणि प्रशासकीय ठरावाची प्रत मागून घ्यावी लागते.

साताऱ्याहूनही असेच प्रश्न येतात म्हणून थोडं: तिथे नगरपरिषद आहे, १९६५ चा कायदा लागतो, मुख्याधिकारी अंदाजपत्रक तयार करतात आणि विशेष सर्वसाधारण सभा फेब्रुवारीअखेरच्या सुमारास होते. वर सांगितलेलं वेळापत्रक तिथे एक महिना अलीकडे ओढा. २०२० च्या हद्दवाढीत आलेल्या भागांनी आपले रस्ते नगरपरिषदेच्या ताब्यात आले आहेत का, हे आधी तपासावं, नाहीतर पुन्हा मालकीचाच प्रश्न आडवा येतो.

काम सुरू झालं की कार्यादेशाची प्रत आणि प्राकलनातलं परिमाण पत्रक घ्या. गटारासाठी पाहायचं ते तीन ठिकाणी: तळाच्या काँक्रीटची जाडी, भिंतीची उंची आणि नाल्याजवळचा जोड. तळ झाकला गेला की जाडी मोजता येत नाही, त्यामुळे तो ओतण्याच्या दिवशी हजर राहा. बिल निघण्याआधी मोजमाप पुस्तकातली लांबी टेपने मोजलेल्या लांबीशी जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर तक्रार अभियंत्यासोबतच मुख्य लेखापरीक्षकांकडेही द्या, आणि ती बिल अदा होण्याआधी द्या.